गरोदरपणातील पूरक औषधांची निवड आणि विमासंरक्षण : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

गरोदरपणात कोणती जीवनसत्त्वे व खनिजे घ्यावीत आणि त्यांचा खर्च कोणी सोसावा, हे दोन प्रश्न सामान्यतः वेगवेगळे मानले जातात. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत मात्र ते परस्परांशी जोडलेले आहेत. शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक ठरलेल्या गोळ्या संख्येने मोजक्या असून त्या शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. ज्या वस्तूंवर कुटुंबे पदरमोड करतात त्यांपैकी बहुतेकांची गरज सिद्ध झालेली नाही आणि कोणताही सर्वसाधारण विमा त्यांचा खर्च देत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाबींचे विवेचन करून गरोदर महिला, तिचे कुटुंब व क्षेत्रीय कार्यकर्ते यांना उपयोगी पडतील अशा काही सूचना केल्या आहेत.

बीजशब्द : गरोदरपण, रक्तक्षय, लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम, सिकलसेल, आरोग्य विमा, डहाणू, तलासरी.

१. प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू व तलासरी हे तालुके आहेत. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस गुजरातचा वलसाड जिल्हा आणि तलासरीला लागून दादरा व नगर हवेली, अशा या सीमावर्ती पट्ट्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी इत्यादी जमातींची वस्ती आहे. भातशेती, चिकूच्या वाड्यांतील मजुरी, मासेमारी, कारखान्यांतील कंत्राटी काम आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे होणारे स्थलांतर यांवर येथील अनेक कुटुंबांची उपजीविका चालते.

महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर गृहभेटी देत असताना प्रस्तुत लेखिकेला एका सात महिन्यांच्या गरोदर महिलेच्या घरी दोन वस्तू एकाच फळीवर ठेवलेल्या दिसल्या. एक होता बाजारातून आणलेला ‘ताकदीच्या पावडरीचा’ डबा, तर दुसरी वस्तू म्हणजे उपकेंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या. डब्यासाठी घरच्यांनी तीन दिवसांची मजुरी खर्च केली होती. फुकट मिळणाऱ्या गोळ्यांत कसली ताकद असणार, असा तिच्या सासूबाईंचा प्रश्न होता. हा प्रश्न अज्ञानातून आलेला आहे असे म्हणून सोडून देणे योग्य नाही. ज्या वस्तूला किंमत आहे तिलाच मोल आहे, हा बाजाराने शिकवलेला धडा आहे. त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) गरोदरपणात आवश्यक असलेली पूरक औषधे व त्यांच्या मात्रा स्पष्ट करणे.
२) अनावश्यक किंवा अपायकारक ठरू शकणाऱ्या पूरकांची माहिती देणे.
३) शासकीय योजना व विमा यांतून नेमके कोणते संरक्षण मिळते, याचा आढावा घेणे.
४) स्थानिक परिस्थितीला अनुसरून काही उपाययोजना सुचविणे.

३. समस्येचे स्वरूप

गरोदर महिलेच्या रक्तात दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास तिला रक्तक्षय आहे असे मानले जाते. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम आणि ७ पेक्षा कमी तीव्र, असे त्याचे वर्गीकरण आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील ५२.२ टक्के आणि महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर महिला रक्तक्षयग्रस्त होत्या. त्याच सर्वेक्षणात १८० दिवस किंवा त्याहून अधिक काळ लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतलेल्या मातांचे देशातील प्रमाण केवळ २६ टक्के आढळले. भारतात पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रम १९७० पासून सुरू आहे. म्हणजे गोळी उपलब्ध होऊन अर्धशतक लोटले, तरी ती पूर्ण मुदत घेतली जात नाही, हे समस्येचे खरे स्वरूप आहे.

रक्तक्षय असलेल्या मातेला प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव सहन होत नाही. निरोगी महिलेच्या दृष्टीने किरकोळ ठरणारा रक्तस्राव तिच्या जिवावर बेतू शकतो. मुदतपूर्व प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोकाही वाढतो. पाड्यापासून शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंतचे अंतर लक्षात घेता, या भागात हिमोग्लोबिनचा प्रत्येक ग्रॅम महत्त्वाचा ठरतो.

४. आवश्यक पूरक औषधे

४.१ फॉलिक ॲसिड : या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ डहाणूपासून रेल्वेने सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या मुंबईत झाला, ही बाब फारशी परिचित नाही. १९२८ मध्ये डॉ. लुसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी गिरणी कामगार वर्गातील गरोदर महिलांना होणाऱ्या एका विशिष्ट रक्तक्षयाचा अभ्यास केला. हा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स घटक’ म्हटले गेले आणि तोच फोलेट होय, हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने, पूर्वी मज्जारज्जूचा दोष असलेले मूल झालेल्या मातांमध्ये फॉलिक ॲसिडमुळे तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे दाखवून दिले.

गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. त्या वेळी पुष्कळ महिलांना आपण गरोदर आहोत हेही निश्चित कळलेले नसते. म्हणून दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेपूर्वीपासून सुरू करून पहिले तीन महिने घेणे अपेक्षित आहे. तिसऱ्या महिन्यात नोंदणीला गेल्यावर मिळालेली पहिली गोळी रक्तक्षयासाठी उपयुक्त असते, परंतु या दोषाच्या प्रतिबंधाची वेळ तोपर्यंत टळून गेलेली असते. लग्न झालेल्या व मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या मुलींपर्यंत ही माहिती पोहोचणे म्हणूनच अगत्याचे आहे. पूर्वी असे दोषयुक्त मूल झाले असल्यास मात्रा बरीच जास्त लागते व ती डॉक्टरांनीच ठरवावी.

४.२ लोह : २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून दररोज एक गोळी, अशी किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस घ्यावयाची असते. या गोळीत ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. सौम्य व मध्यम रक्तक्षयात दररोज दोन गोळ्या दिल्या जातात. गोळ्यांनी अपेक्षित सुधारणा होत नसल्यास अथवा गरोदरपण पुढे गेले असल्यास शिरेतून लोह देण्याचा पर्याय असतो.

येथे ‘मूलद्रव्य लोह’ या शब्दाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. वेष्टनावर बहुधा लोहाच्या क्षाराचे वजन छापलेले असते. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये केवळ १२ टक्के लोह असते. म्हणजे ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटच्या गोळीतून ३६ मिलिग्रॅम लोह मिळते, तर तेवढ्याच वजनाच्या फेरस फ्युमरेटमधून सुमारे १०० मिलिग्रॅम. महागड्या टॉनिकची बाटली आणि शासकीय लाल गोळी यांची तुलना करावयाची असल्यास ती किमतीवर न करता या आकड्यावर करावी. तशी केली असता फुकट गोळीची ‘ताकद’ अनेक टॉनिकांपेक्षा जास्त भरते.

४.३ कॅल्शियम व जीवनसत्त्व ड : २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत व त्यानंतर सहा महिने रोज दोन गोळ्या घ्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व २५० आंतरराष्ट्रीय एकक जीवनसत्त्व ड-३ असते. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे अशा मातांमध्ये यामुळे गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या घातक विकाराचा धोका घटतो. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते.

४.४ जंतनाशक : दुसऱ्या तिमाहीत ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची एक मात्रा दिली जाते. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये.

एकंदर हिशेब केला तर लोहाच्या ३६० व कॅल्शियमच्या सुमारे ७२० गोळ्या होतात. यांपैकी एकही गोळी विकत घ्यावी लागू नये, अशी शासकीय व्यवस्थेची रचना आहे.

५. सिकलसेल : एक स्थानिक दक्षता

आदिवासी भागात रक्तक्षयाचे कारण केवळ लोहाची कमतरता असेलच असे नाही. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार महाराष्ट्रातील अनेक जमातींत आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. सिकलसेलचा वाहक असणे आणि सिकलसेलचा रुग्ण असणे, या दोन भिन्न अवस्था आहेत. वाहक महिलेने लोहाच्या गोळ्या इतरांप्रमाणेच घ्याव्यात. रुग्ण महिलेस मात्र फॉलिक ॲसिडची अधिक गरज असते आणि लोह द्यावे की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवितात. अशा महिलेने दुकानातून ‘रक्तवाढीचे’ टॉनिक परस्पर आणून घेणे अपायकारक ठरू शकते. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळास विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पहिल्याच भेटीत ही तपासणी करून घेणे, हा पूरक औषधांच्या निवडीचाच भाग मानावा.

६. जे विकत घेतले जाते

६.१ प्रथिनांची पावडर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशींनुसार गरोदरपणात अतिप्रथिनयुक्त पूरक देण्याची शिफारस केलेली नाही. कुपोषित लोकसमूहांत ऊर्जा व प्रथिने यांचा समतोल असलेला आहार मात्र उपयुक्त मानला आहे. डाळ-भात, अंडी, शेंगदाणे, सुकट आणि बोंबील यांतून हा समतोल साधता येतो.

६.२ बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या : क, ई, ब-६ व ड ही जीवनसत्त्वे सर्व गरोदर महिलांना सरसकट देण्याची शिफारस संघटनेने केलेली नाही. डॉक्टरांनी कमतरता पाहून लिहून दिलेली गोळी ही वेगळी बाब आहे. जीवनसत्त्व अ च्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. रेटिनॉलच्या रूपातील मोठ्या मात्रा, विशेषतः पहिल्या तिमाहीत, गर्भाला अपाय करू शकतात. दोन-तीन टॉनिके एकाच वेळी घेतली असता ही मात्रा नकळत वाढते.

६.३ जीवनसत्त्व ब-१२ : १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या माता-पोषण अभ्यासात निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळते. किनारपट्टीवर सुकी मासळी खाणाऱ्या कुटुंबांपेक्षा माळ घालून मांसाहार सोडलेल्या आणि दूधही न मिळणाऱ्या कुटुंबातील महिलेबाबत ही शक्यता अधिक लक्षात घ्यावी व डॉक्टरांना तसे सांगावे.

६.४ आहाराचे स्थान : मुंबईतील वस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात ‘सारस’ प्रकल्पांतर्गत महिलांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाजी, फळे व दूध यांपासून बनविलेला खाऊ दिला गेला. सर्व महिलांचा एकत्रित विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु गर्भधारणेच्या तीन महिने वा त्याहून आधी खाऊ सुरू केलेल्यांत वजन काहीसे वाढल्याचे आणि गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण घटल्याचे आढळले. गोळी आहाराची जागा घेत नाही आणि आहाराचा आरंभ गरोदरपणाच्या आधी व्हावा, हा त्यातील बोध आहे. नाचणीची भाकरी, काट्यांसह खाल्ली जाणारी बारीक मासळी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील टाकळा व कुर्डू या येथील परिचित अन्नाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

७. गोळी का घेतली जात नाही

गोळीने शौचास काळे होते, मळमळते, बद्धकोष्ठ होतो, या तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. काळा रंग हा न शोषलेल्या लोहाचा असून त्यात भीतीचे कारण नाही. रात्री जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते. चहातील टॅनिनमुळे लोहाचे शोषण घटते, म्हणून चहा व गोळी यांत एक-दोन तासांचे अंतर असावे. लिंबू वा आवळा यांमुळे शोषण वाढते. गोळ्यांनी बाळ फार मोठे होते व बाळंतपण अडते, असाही समज ग्रामीण भागात आढळतो. वस्तुतः गोळ्या न घेतल्याने बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका अधिक आहे. घरातील लहान मुलांनी या गोळ्या गोड समजून खाल्ल्यास विषबाधा होऊ शकते. त्यामुळे त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवाव्यात.

८. विमा व योजनांचे संरक्षण

८.१ खाजगी आरोग्य विमा : भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांच्या यादीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारी जीवनसत्त्वे, खनिजे व आहारपूरके यांचा समावेश आहे. रुग्णालयात दाखल असताना किंवा दिवसभराच्या उपचारात डॉक्टरांनी लिहून दिली असतील तरच त्यांचा खर्च मिळू शकतो. प्रसूतीचा खर्चही अशाच प्रमाणित कलमाने वगळता येतो. ज्या पॉलिसीत प्रसूतीचा समावेश असतो तीत बहुधा काही महिने ते काही वर्षे प्रतीक्षा कालावधी असतो. १ एप्रिल २०२० पासून उपलब्ध झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही प्रसूती अंतर्भूत नाही. सारांश, गरोदर राहिल्यानंतर विमा काढून गोळ्यांचा खर्च मिळेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

८.२ महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना व आयुष्मान भारत : राज्याची योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तर केंद्राची योजना २३ सप्टेंबर २०१८ पासून. राज्याच्या योजनेतील संरक्षणही आता प्रति कुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपये आहे. हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. गुंतागुंत उद्भवल्यास संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

८.३ कर्मचारी राज्य विमा : ज्या कारखान्यास ही योजना लागू आहे तेथील, मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगारास व त्याच्या कुटुंबास दवाखान्यातील औषधांसह वैद्यकीय सेवा मिळते. विमाधारक महिलेस वर्गणीच्या अटी पूर्ण केल्यास पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा प्रसूतिलाभ मिळतो. कंत्राटी कामगारही यास पात्र असू शकतो. म्हणून तारापूर, उंबरगाव वा सिल्वासा परिसरातील कारखान्यांत काम करणाऱ्यांनी पगारपत्रकात विम्याची कपात आहे का, हे पाहावे. येथे चर्चिलेल्या विमा योजनांपैकी बाह्यरुग्ण विभागातील औषधे देणारी हीच एक योजना आहे.

८.४ विनामूल्य सेवा : १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेत तपासण्या, औषधे, सामान्य वा सिझेरियन प्रसूती, रक्त, आहार व वाहन विनामूल्य आहे. हा राष्ट्रीय कार्यक्रम असल्याने वीटभट्टीवर गुजरातमध्ये गेलेली डहाणूची महिला तेथील शासकीय दवाखान्यातही या सेवेस पात्र आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत डॉक्टरांकडून तपासणी होते.

८.५ रोख व आहार साहाय्य : जननी सुरक्षा योजनेत (२००५) अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती व दारिद्र्यरेषेखालील महिलांना ग्रामीण भागातील संस्थेत प्रसूती झाल्यास ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि एप्रिल २०२२ पासूनच्या सुधारित नियमांनुसार दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. त्यासाठी वेळेवर नोंदणी, तपासणी, बाळाचे लसीकरण व आधारशी जोडलेले बँक खाते आवश्यक असते. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते.

यावरून असे दिसून येते की, या भागातील गरोदर महिलेचा खरा विमा म्हणजे उपकेंद्रातील वेळेवर केलेली नोंदणी व माता-बाल संरक्षण कार्ड होय.

९. उपाययोजना

१) कोणतेही पूरक विकत घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : हे कोणत्या कमतरतेसाठी लिहिले आहे? यात मूलद्रव्य लोह किती आहे? हे औषध म्हणून परवानाप्राप्त आहे की केवळ खाद्यपदार्थ म्हणून? आणि हेच उपकेंद्रात विनामूल्य मिळते का?
२) स्थलांतरापूर्वी आशा कार्यकर्तीने महिलेस परत येईपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या व कार्ड सोबत द्यावे. दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस यासाठी निश्चित करावेत.
३) अमृत आहाराच्या जेवणाच्या वेळी कॅल्शियमची गोळी अंगणवाडीतच घेतली जावी. लोहाची गोळी रात्री घरी घ्यावी. यामुळे दोन गोळ्यांतील अंतर आपोआप पाळले जाईल.
४) नवविवाहितांना फॉलिक ॲसिडची माहिती महाविद्यालये, ग्रामसभा व बचतगटांतून द्यावी.
५) सासू व पती यांना तपासणीच्या वेळी सोबत बोलवावे, कारण खरेदीचा व गोळी घेण्याचा निर्णय बहुधा त्यांच्याशी निगडित असतो.
६) उपकेंद्रात गोळ्यांचा साठा नसल्यास ग्रामपंचायत व प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी नोंद करावी. विनामूल्य गोळीवरचा विश्वास तिच्या सातत्याने मिळण्यावर अवलंबून असतो.

१०. निष्कर्ष

गरोदरपणातील पूरक औषधांची निवड ही वस्तुतः अनेकांतून एक निवडण्याची बाब नाही. लोह, फॉलिक ॲसिड व कॅल्शियम ही मोजकी औषधे योग्य वेळी सुरू करून पूर्ण मुदत घेणे, सिकलसेलची तपासणी करणे आणि उरलेला पैसा आहारावर खर्च करणे, एवढाच तिचा अर्थ आहे. विमा या गोळ्यांचा खर्च बहुधा देत नाही. परंतु ज्या गोळ्या खरोखर लागतात त्यांची किंमत शासनाने, म्हणजेच कररूपाने आपण सर्वांनी, आधीच मोजलेली आहे. त्या फळीवरील लाल गोळ्या फुकटच्या नव्हत्या, हेच त्या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर होय. ते उत्तर प्रत्येक पाड्यापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी आरोग्य यंत्रणेइतकीच या परिसरातील शिक्षकांची व विद्यार्थ्यांचीही आहे.